कार्डियाक डायग्नोस्टिक्सला पोस्टिंग झालीय, तिथे काम केलेल्या सिस्टर्सनी जरा सांगा

पावसाळी_फोंडा

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, बीएस्सी नर्सिंग केलंय, आधी मेडिसिन वॉर्ड आणि मग मेडिकल आयसीयू अशी ड्युटी झाली. हॉस्पिटल खाजगी आहे, नाव नको. पुढच्या महिन्यापासून मला कार्डियाक डायग्नोस्टिक्सला टाकतायत म्हणजे ईसीजी, टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढायचा ईसीजी), इको (हृदयाची सोनोग्राफी), होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं यंत्र) आणि आठवड्यातनं कधीतरी स्ट्रेस इको (औषधाने हृदय पळवून केलेला इको) नायतर टीईई (घशातून नळी घालून केलेला इको).

ऑर्डर निघाल्यापासून आयसीयूतल्या सगळ्या मला चिडवतायत, मजा आहे बाबा तुझी, नाईट नाही, रविवार सुट्टी, जेल लावायची आणि जेल पुसायची. मला खरं म्हणजे त्याचंच टेन्शन आलंय. टेस्ट टेक्निशियन करणार, रिपोर्ट डॉक्टर देणार, मग मधे सिस्टर काय करते तिथे? आणि दोनतीन वर्षं तिथेच राहिले तर व्हेंटिलेटर, आयनोट्रोप (हृदयाला जोर देणारी औषधं) वगैरे हातातलं सगळं जाईल का? जायच्या आधी काय वाचून जाऊ तेही सांगा. इन-चार्ज सिस्टरला विचारलं तर म्हणाल्या ये तू, आपोआप कळेल. तसं कळेल हो, पण पहिल्या दिवशी खांबासारखं उभं राहायचं नाहीये मला.

साखळीची_सिस्टर

अगं बाय, आधी अभिनंदन. आणि त्या जेल पुसायची म्हणणाऱ्यांना एक दिवस टीएमटीच्या खोलीत उभं करायला पाहिजे, सोमवारी, ओपीडी फुल्ल असताना.

आयसीयूत पेशंट येतो तो फाईल घेऊन, निदान करून, मॉनिटरला जोडलेला, आणि तो अख्खी शिफ्ट तुझा असतो. इथे तो स्वतःच्या पायांनी येतो, शर्ट इस्त्रीचा, हातात अपॉइंटमेंटचा कागद, आणि विचारलंस तर म्हणणार "कितेंच ना गो बाय, मात्सो दम लागता". त्याला तू आयुष्यात पहिल्यांदा बघतेस आणि दहा मिनिटांत तुला ठरवायचं असतं की ह्याला पट्ट्यावर चढू द्यायचं की आधी डॉक्टरांना हाक मारायची. टेक्निशियन लिड्स लावत असतो, मशीनमधे वय वजन भरत असतो, डॉक्टर बाजूच्या खोलीत इको करत असतात, म्हणजे त्या दहा मिनिटांत पेशंटशी बोलणारी तू एकटीच.

आमच्याकडे एक गृहस्थ आले होते, पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून, टीएमटीसाठी. अपॉइंटमेंट आठ दिवस आधीची. तेव्हा डॉक्टरांनी तपासलं होतं आणि टीएमटी लिहिली होती ती बरोबरच लिहिली होती. मी नेहमीचं विचारलं, दुखतं कधी, तर म्हणाले आधी चढ चढताना दुखायचं, आता काल रात्री झोपेत उठवलं दुखण्याने आणि मघाशी खाली उतरताना पण आलं होतं, पण आता बरं आहे, चला लवकर करून टाका मला दुकान उघडायचंय. बसल्या जागी छाती दुखायला लागलेला माणूस पट्ट्यावर चढवत नाहीत. तिथेच झोपवलं, साधा ईसीजी काढला, डॉक्टर आले, आणि दुकानाऐवजी ते सीसीयूत (हृदयाच्या आयसीयूत) गेले. कागदावर फक्त टीएमटी एवढंच लिहिलेलं होतं. आठ दिवसांत माणसाचं काय झालं ते कागदाला कुठे माहीत असणार.

तर विचारायची सवय कर. दुखणं वाढलंय का, शेवटचं कधी आलं, खाऊन किती वेळ झाला (दोनतीन तास तरी झालेले हवेत), सकाळी चहा कॉफी, विडी सिगरेट. गोळ्या कुठल्या घेतल्या त्या नावानिशी विचार, पाकीट बघ, कारण बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) चालू असेल तर हार्ट रेट वर जातच नाही आणि टेस्ट अर्धवट राहते. पण ती गोळी थांबवायची की नाही हे डॉक्टरांनी आधी सांगायला हवं, आपण फोनवर परस्पर "बंद करा" म्हणायचं नाही, काहींना मुद्दाम गोळी चालू ठेवूनच टेस्ट हवी असते.

अजून एक प्रश्न आहे जो नव्या मुली लाजून विचारत नाहीत. पुरुष पेशंटला, बायको जरा बाहेर बसलेली असताना, हळू विचारायचं की सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा तसली गोळी घेतलीय का. कारण पट्ट्यावर छाती दुखली की जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) द्यायला आपला हात आपोआप जातो, आणि सिल्डेनाफिल घेऊन २४ तास झाले नसतील तर बीपी असं कोसळतं की विचारू नको. टाडालाफिल (तसलीच दुसरी गोळी) असेल तर ४८ तास धर. वय बघून सोडून देऊ नको, साठीच्या वरचेच जास्त घेतात.

मग पट्टा. बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉल असतो, दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात, पहिली स्टेज ताशी २.७ किमी वेग आणि १० टक्के चढ, दुसरी ४ किमीला १२ टक्के, तिसरी साडेपाचला १४. तिसऱ्या स्टेजला आपल्याकडचे बरेच जण धापा टाकतात. हार्ट रेटचं टार्गेट म्हणजे २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के, साठ वर्षांच्या माणसाचे १३६. टेक्निशियनचे डोळे स्क्रीनवर असतात, तुझे पेशंटच्या तोंडावर हवेत. बोलत बोलत चालणारा माणूस एकदम गप्प झाला, कपाळावरचा घाम गार लागला, ओठांचा रंग बदलला, की स्क्रीन काही म्हणत नसली तरी आवाज दे. दांडी किती घट्ट धरलीय तेही बघ, अंगाचा भार दांडीवर टाकून चालणारे पुष्कळ असतात, त्यांची स्टेज कागदावर मोठी दिसते आणि मेहनत झालेलीच नसते.

बीपी हाताने घ्यायला शिक, चालत्या माणसाचं ऑटोमॅटिक मशीन काहीही दाखवतं. पट्ट्याच्या घरघरीत स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकणं ही एक वेगळीच कला आहे, आठ पंधरा दिवस लागतील. चढ वाढतोय आणि वरचं बीपी उतरतंय असं दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, पुढच्या रीडिंगची वाट बघायची नाही. २५०/११५ च्या वर गेलं तरी थांबवतात.

आणि टेस्ट थांबली म्हणजे संपली असं समजू नको, कितीतरी जणांचे एसटीचे बदल (ईसीजीतला हा भाग खाली-वर जाणं म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण) रिकव्हरीतच दिसतात आणि त्याच वेळी पेशंट म्हणतो सिस्टर बाथरूमला जाऊन येतो. सोडायचं नाही. बसव, बोलत राहा, बीपी घेत राहा. एकदम थांबल्यामुळे चक्कर येऊन पडणारेसुद्धा ह्याच वेळी पडतात.

सकाळी आल्या आल्या डीफिब (शॉक द्यायचं यंत्र) चार्ज करून बघायचा, ऑक्सिजन सिलिंडर आणि सक्शन चालू करून बघायचं, क्रॅश ट्रॉलीतल्या (इमर्जन्सीच्या औषधांच्या गाडीतल्या) तारखा बघायच्या. इथे कोड (हृदय बंद पडण्याची इमर्जन्सी) कधीतरीच होतो त्यामुळे ट्रॉलीवर फाईली आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायची सवय लागते लोकांना. ती मोड.

लिडवाला

मी टेक्निशियन आहे, सिस्टर नाही, तरी लिहितो. वरच्या ताईंचं सगळं पटलं, "टेक्निशियनचे डोळे स्क्रीनवर" हे जरा मनाला लागलं पण खरं आहे.

ईसीजी. सगळ्यांना येतो आणि नीट फार थोड्यांना येतो. आयसीयूत मॉनिटरच्या लिड्स कुठेही चिकटवून चालतं, इथे चालत नाही. गळ्याच्या खळीतून बोट खाली आण, छातीच्या हाडावर एक आडवा उंचवटा लागेल, त्याच्या बाजूची बरगडी दुसरी, तिच्याखालची फट दुसरी, तिथून मोजत चौथ्या फटीत ये, हाडाच्या उजव्या कडेला व्ही१ आणि डाव्या कडेला व्ही२. निम्मे लोक अंदाजाने लावतात आणि एकदोन फटी वर लावतात, मग मशीन छापतं जुना अटॅक असू शकतो, आणि तो बिचारा तो कागद घेऊन महिनाभर डॉक्टर बदलत फिरतो. व्ही४ पाचव्या फटीत कॉलरबोनच्या मध्यातून खाली, मग व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४ च्या मधे, आणि व्ही५ व्ही६ व्ही४ च्याच आडव्या रेषेत, बरगडीबरोबर वर चढत जायचं नाही. बायकांचा असेल तर स्तन हळूच उचलून खाली लावायचा. म्हणूनच मला सिस्टर सोबत लागते, बाई पेशंट असेल तर मी एकटा खोलीत थांबत नाही, तिलाही बरं वाटतं आणि मलाही.

हातापायाच्या लिड्स, आपल्याकडच्या मशीनला लाल उजवा हात, पिवळा डावा, हिरवा डावा पाय, काळा उजवा पाय. हातांची अदलाबदल झाली की लिड १ पूर्ण उलटी येते आणि एव्हीआर (एरवी उलटी असणारी लिड) सरळ. असा कागद दिसला की आधी वायर बघ. वायर बरोबर असतील तर मग हृदय उजवीकडे आहे का हा विचार, तेव्हा व्ही१ पासून व्ही६ पर्यंत लाटा लहान लहान होत जातात, अदलाबदलीत छातीच्या लिड्स नॉर्मलच राहतात.

गोव्याचा खास त्रास म्हणजे घाम आणि खोबरेल. सकाळी आंघोळ करून अंगाला तेल चोळून, वर छातीत दुखतं म्हणून बाम लावून येतात, इलेक्ट्रोड टिकणारच नाही. स्पिरिटने पुसायचं, कोरडं करायचं, केस असतील तर काढायचे. मसल फिल्टर लावला की रेषा कशी गुळगुळीत छान येते, पण क्यूआरएसची (ठोक्याच्या मोठ्या लाटेची) उंची आणि बारीक खाचा त्यात पुसल्या जातात, म्हणून आधी पेशंटला पांघरूण दे, एसी कमी कर, हात सैल सोडायला सांग, फिल्टर शेवटी.

हे सगळं शिकून घे कारण गोव्यात ईसीजीला आता जास्तच किंमत आलीय. २०१८ मधे स्टेमी गोवा (हार्ट अटॅकवर लवकर उपचारांची योजना) सुरू झालं तेव्हापासून गावच्या आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी बांबोळीला जीएमसीतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) हृदयरोग तज्ञांकडे जातो, ते बघून सांगतात आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथल्या तिथे देतात, मग पेशंट पुढे येतो. तिकडचा कागद चुकीच्या फटीतला असेल तर बांबोळीला बसलेला माणूस तरी काय करणार. छातीत दुखणाऱ्याचा पहिला ईसीजी आल्यापासून १० मिनिटांच्या आत, हे भिंतीवर लावून ठेव.

मांडवीकाठ

सगळे छान छान सांगतायत म्हणून मी दुसरी बाजू लिहिते. मी अशा डिपार्टमेंटला होते, आता कॅथलॅबला (अँजिओग्राफी करतात तिथे) आहे.

हात गंजतात गं. तुझी भीती खोटी नाहीये. व्हेंटिलेटर तर सोडच, आर्टेरियल लाईनसुद्धा (बीपी बघायला धमनीत घातलेली नळी) दिसत नाही. बाहेर जायचा विचार असेल, गल्फ म्हण, इंग्लंड म्हण, तर तिकडे बेडसाईडचा ताजा अनुभव विचारतात आणि डायग्नोस्टिक्सची वर्षं धरताना नाक मुरडतात. आणि अजून एक, ह्या डिपार्टमेंटची सिस्टर म्हणजे सगळ्यांची सिस्टर. ओपीडीत कोणी कमी पडली पाठवा हिला, इकोची लाईन आवरायला कारकून नाही बसवा हिला, रिपोर्ट टाईप करायला सुद्धा बसवलंय मला. आमच्या तिथल्या मॅनेजमेंटचं म्हणणं होतं की टेक्निशियन आहे ना मग सिस्टर कशाला. स्ट्रेस इकोच्या दिवशी मात्र तीच मॅनेजमेंट मला शोधत फिरायची.

तरीपण मी म्हणेन जा, फक्त डोळे उघडे ठेवून जा. बीएलएस एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवायच्या ट्रेनिंगची सर्टिफिकेट) संपू देऊ नको, दोन वर्षांची मुदत असते, कधी संपते कळत पण नाही. महिन्यातनं एकदोन शिफ्ट आयसीयूत मागून घे, स्टाफ कमी असतोच, कोणी नाही म्हणणार नाही. इकोवाल्या डॉक्टरांच्या मागे उभी राहून विचारत जा, ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं) म्हणजे नक्की काय बघतायत, व्हॉल्व्ह कुठला. आयसीयूत आपण रिपोर्टवर ईएफ ३० वाचून पुढे जायचो, इथे ते ३० टक्क्यांचं हृदय हलताना रोज दिसतं आणि त्या पेशंटला सलाईन सोडताना हात कसा आखडता घ्यायचा हे डोक्यात पक्कं बसतं. ह्याच क्षेत्रात राहायचं ठरवलंस तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कार्डिओथोरॅसिक नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे त्याची चौकशी कर.

पावसाळी_फोंडा

बापरे, एवढं सगळं! मी वही घेऊन बसलेय. मांडवीकाठ ताई, गल्फचा विचार सध्या नाही, सासूबाईंची तब्येत बघता इथेच, पण शिफ्ट मागायची आयडिया मस्त आहे.

स्ट्रेस इको आणि टीईईबद्दल कोणी लिहिलं नाही. मला त्याचीच जास्त धास्ती आहे कारण तिथे औषधं आपल्या हातात.

साखळीची_सिस्टर

तिथे तुझा आयसीयू कामाला येईल बघ.

डोब्युटामिन तू ओळखतेसच, फक्त इथे ते आजारी हृदयाला आधार द्यायला नसतं, मुद्दाम पळवायला असतं. ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटपासून सुरू, मग दर ३ मिनिटांनी १०, २०, ३०, ४०. किलोवर डोस आहे म्हणून वजन त्याच दिवशी, त्याच काट्यावर घे, पेशंटने सांगितलेलं वजन धरू नको, आपल्याकडे बायका पाच किलो कमीच सांगतात. ४० ला पण रेट आला नाही तर अॅट्रोपीन देतात, तेव्हा काचबिंदू आहे का आणि लघवी अडकते का हे तुला आधीच माहीत असलं पाहिजे, ऐनवेळी विचारायला वेळ नसतो. रेट खाली आणायला मेटोप्रोलॉल किंवा एस्मोलॉल भरून, लेबल लावून ट्रेमधे तयार. पेशंटला आधी सांगून ठेव की छाती धडधडेल, अंग थरथरेल, डोक्याला मुंग्या आल्यासारखं वाटेल, नाहीतर ३० वर गेल्यावर ती माउली हात धरून देवाचं नाव घ्यायला लागते आणि डॉक्टरांना चित्र मिळत नाही. खरंच छाती दुखली तर मात्र लगेच सांगा हे पण बजावायचं. पंप बंद केला तरी रेट खाली येईपर्यंत सुई काढायची नाही.

टीईई म्हणजे अन्ननलिकेतून इको, नळी गिळायची. ६ तास उपाशी. कवळी काढायची, आणि "कवळी आहे का" असं विचारून भागत नाही, तोंड उघडून बॅटरीने बघ. गिळायला त्रास, अन्ननलिकेचा कसला आजार, रक्ताची उलटी, हे विचारून डॉक्टरांच्या कानावर घाल. घशात लिडोकेनचा स्प्रे, शिरेतून थोडं मिडाझोलम (गुंगीचं औषध), डाव्या कुशीवर, तोंडात बाईट ब्लॉक, आणि मग तू डोक्याशी सक्शन घेऊन, सॅच्युरेशनवर नजर. नळी आत असताना पेशंटला बोलता येत नाही, तेव्हा खांद्यावर हात ठेव आणि "भियेनाका, नाकान श्वास घे" एवढंच सारखं म्हणत राहा, फार फरक पडतो त्याने. आमच्याकडे तरुण मुली येतात, लहानपणी सांधेतापाने मायट्रल व्हॉल्व्ह आकसलेला, बलूनने उघडायच्या आधी डाव्या कप्प्यात गुठळी नाही ना हे ह्याच टेस्टने बघतात.

खरी मारामारी नंतर सुरू होते. घसा बधीर असतो, गिळलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून एकदोन तास पाणीसुद्धा नाही, मग आधी घोटभर पाणी देऊन बघायचं. आणि बाहेर नातेवाईक थर्मास घेऊन उभे, सकाळपासून उपाशी आहे हो सिस्टर, घोटभर चहा तरी. पहारा द्यावा लागतो. दुसरं म्हणजे मिडाझोलम दिलेला माणूस खाली जाऊन आपली स्कूटर चालू करतो! गोव्यात हे हमखास. अपॉइंटमेंट देतानाच सांगायचं सोबत माणूस आणा, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. मी तर चावी नातेवाईकाच्या हातात देऊनच सोडते.

प्रोब (टीईईची नळी) धुणं हे तुझंच काम, आणि ते कोणाला दिसत नाही. पेशंटच्या तोंडातून काढला की लगेच पुसायचा, एन्झाइमच्या पाण्यात साफ, लीक टेस्ट, मग ओपीएमधे (जंतू मारायचं सोल्युशन) कंपनीने लिहिलेला पूर्ण वेळ, मग भरपूर पाण्याने धू. पुढचा पेशंट वाट बघतोय म्हणून दोन मिनिटं आधी काढ असं कोणीही सांगो, काढायचा नाही. ओपीएची पट्टी रोज बुडवून बघायची, स्ट्रेंथ उतरली की सोल्युशन फेकायचं. ग्लोव्हज घाल, नाहीतर हात काळपट राखाडी होतात.

काजूबोंडू

मी ह्या लाईनीतला नाही, बाबांच्या होल्टरच्या वेळी बरोबर होतो म्हणून पेशंटच्या बाजूने एक सांगतो सिस्टर. यंत्र लावलं, डायरी दिली आणि "काही वाटलं तर लिहा" एवढंच सांगितलं. बाबांनी २४ तास खुर्चीतून हलायचं नाही असा अर्थ घेतला, बागेत गेले नाहीत, जिना चढले नाहीत, आंघोळ नाही, आणि डायरीत लिहिलं काय तर "दुपारी १ वाजता जेवलो, हुमण" (माशांची आमटी). त्यांना चक्कर येते ती सकाळी माडांना पाणी घालताना, आणि नेमकं तेच त्या दिवशी केलं नाही. पुन्हा लावावं लागलं. मे महिना होता, घामाने दोन चिकट्या रात्रीच निघाल्या होत्या ते वेगळंच.

लिडवाला

@काजूबोंडू हुमण वाचून हसलो पण मुद्दा शंभर टक्के बरोबर. होल्टर लावताना सांगायचं की आंघोळ सोडून रोजचं सगळं करा, ज्याने त्रास होतो ते तर मुद्दाम करा, आणि चक्कर, धडधड, डोळ्यापुढे अंधारी आली की बटण दाबून घड्याळातली वेळ लिहा. लिहिता येत नसेल तर घरच्या कोणाला तरी समजावून सांगायचं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मी वरून टेप मारतो आणि चारपाच जादा इलेक्ट्रोड देतो, कुठला रंग कुठे त्याचा फोटो नातेवाईकाच्या मोबाईलमधे काढून देतो, निघालं तर त्याच जागी लावायचं. आणि वजनाची तक्रार करणाऱ्यांना सांगतो, नॉर्मन होल्टरने १९४९ च्या सुमाराला पहिलं यंत्र केलं ते पाठीवर बांधायचं होतं, वजन ३८ किलोच्या आसपास. मग गप्प बसतात.

चवथीच्या (गणपतीच्या) आठवड्यात होल्टर देऊ नका एवढी एक विनंती, कोणी वेळेवर परत आणत नाही.

पावसाळी_फोंडा

काजूबोंडू, बाबा बरे आहेत ना आता? हे डायरीचं लक्षात ठेवते, लिडवाल्यांची फोटोची युक्ती पण.

शेवटचा प्रश्न. टेस्ट झाल्या झाल्या पेशंट विचारणारच, सिस्टर काय आलं? आयसीयूत नातेवाईकांना सांगायला डॉक्टर असायचे. पट्ट्यावर एसटी खाली गेलेला मला दिसलाय आणि तो माझ्याकडेच बघतोय, तेव्हा तोंड कसं ठेवायचं?

मांडवीकाठ

"नॉर्मल आहे" म्हणायचं नाही आणि "थोडं आहे" पण म्हणायचं नाही, कारण ते थोडं घरी जाईपर्यंत ब्लॉकेज होतं आणि रात्री शेजारी बसायला येतात. मी सांगायचे, टेस्ट पूर्ण झाली, कागद डॉक्टर बघतायत, तुम्हाला आत बोलावून सांगतील, तोपर्यंत इथेच बसा. आणि खरंच वाईट दिसलं असेल तर त्याला बाहेरच्या बाकावर बसवायचंच नाही, आत ठेवायचं, डॉक्टरांना इको अर्धा सोडून उठवायचं. ओरडले तरी उठवायचं.

साखळीची_सिस्टर

+१. आणि जेवणाचा डबा अकराला थोडा खाऊन घेत जा, स्ट्रेस इको साडेबाराला लावायची डॉक्टरांची सवय सगळीकडे सारखीच.

पावसाळी_फोंडा

😂 घेते. एक तारखेला जॉइन होतेय, टीएमटीपासूनच सुरुवात आहे म्हणे. बीपीचा सराव घरातल्यांवर चालू केलाय, नवऱ्याला जिन्यावर वरखाली करायला लावते आणि मोजते.

लिडवाला

तिसऱ्या स्टेजला गेला का तो?

पावसाळी_फोंडा

दुसऱ्यालाच बसला.

लिडवाला

मग त्याची पण अपॉइंटमेंट घ्या.